बालकवींची कविता आधी कुठे छापली गेली? ग्रंथालयात संदर्भ असा शोधतात

विषय असतो बालकवी. गुगलवर नाव टाकलं की पानामागून पान निघतं आणि प्रत्येकावर तेच चार तपशील: १८९० साली धरणगावला जन्म, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी दिलेली 'बालकवी' ही पदवी, १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली मृत्यू. सगळं खरं आहे. पण मार्गदर्शक विचारतात, 'अमुक कविता पहिल्यांदा कोणत्या अंकात आली? तेव्हाचा पाठ, म्हणजे कवितेचे नेमके शब्द, आणि आजच्या पुस्तकातला पाठ एकच आहे का?' मग दोन दिवसांनी पोरगं येऊन सांगतं, 'सर, काहीच नही भेटनं.'

भेटणार कसं? ते कोणी तिथे टाकलेलंच नसतं. मोबाइल असो की ग्रंथालयातला संगणक, आपण शब्द टाकतो तेव्हा कोणीतरी कधीतरी ज्याची नोंद करून ठेवली तेवढंच समोर येतं. म्हणून संदर्भ शोधणाऱ्याने एकच प्रश्न सतत डोक्यात ठेवायचा: मला हवंय ते कोणी नोंदवलं असेल, कधी, आणि कोणत्या नावाने? विद्यापीठाचं ग्रंथालय वापरण्याची निम्मी कला या प्रश्नात आहे. उरलेली निम्मी चिकाटीत.

आधी ठरवा, हवंय काय

'बालकवींवर साहित्य पाहिजे' असं काउंटरवर सांगितलं तर ग्रंथपाल चार पुस्तकं काढून देतात आणि आपण खूश होऊन घरी जातो. ती चार पुस्तकं बहुधा समीक्षेची असतात, म्हणजे दुय्यम साधनं. मूळ साधन म्हणजे कविता ज्या मासिकात आली तो अंक, कवीचं पत्र, हस्तलिखित, पहिली आवृत्ती. आणि तिसरा एक प्रकार असतो, ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही: सूची, कोश, गॅझेटियर (जिल्ह्याजिल्ह्याची सरकारी माहितीपुस्तकं), नियतकालिकांच्या अनुक्रमणिका. त्या वाचायच्या नसतात, त्या फक्त रस्ता दाखवतात. संदर्भ विभागातल्या कपाटात धूळ खात पडलेली ही जाडजूड पुस्तकं आहेत म्हणूनच विद्यापीठाचं ग्रंथालय गावातल्या वाचनालयापेक्षा वेगळं.

शोधाचा क्रम साधारण असा ठेवावा. सूची-कोशांपासून सुरुवात करायची, तिथून मूळ साधनांकडे जायचं, दुय्यम पुस्तकं मधेमधे वाचत राहायचं. बहुतेक जण नेमके उलटे जातात.

ओपॅकला अक्षरं कळतात, अर्थ कळत नाही

ग्रंथालयाच्या संगणकावरच्या यादीला ओपॅक म्हणतात. पूर्वी लाकडी खणांत कार्डं असायची, त्याच कार्डांची ही संगणकी आवृत्ती. आपल्याकडे ती बहुधा 'सोल' किंवा 'कोहा' या प्रणालीवर चालते. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: ओपॅकमध्ये पुस्तकाच्या आतलं काही नसतं. लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, वर्गांक (पुस्तक कोणत्या विषयाच्या फळीवर ते सांगणारा अंक), दाखल क्रमांक (त्या प्रतीचा ग्रंथालयातला स्वतःचा नंबर) आणि नशीब असेल तर दोन-तीन विषयशब्द, एवढंच. एखाद्या गौरवग्रंथात तुमच्या विषयावरचा सर्वोत्तम लेख पान नव्वदवर असेल, तरी ओपॅकला त्याचा पत्ता नसतो.

दुसरी अडचण नावांची. 'बालकवी' टाकलं की काही नोंदी मिळतात, काही निसटतात, कारण काटेकोर ग्रंथपालाने लेखकाच्या रकान्यात 'ठोमरे, त्र्यंबक बापूजी' असं लिहिलेलं असतं. साने गुरुजी तिथे 'साने, पांडुरंग सदाशिव' असतात. खेड्यात 'अण्णांचं घर कुठंय' विचारलं तर शेंबडं पोरही नेऊन सोडतं, पण पोस्टमनच्या पिशवीत अण्णांचं कागदावरचं नाव असतं, तसंच हे. टोपणनाव, पूर्ण नाव, नुसतं आडनाव अशा तिन्ही वाटांनी जाऊन बघायचं.

आता लिपी. बऱ्याच ठिकाणी मराठी पुस्तकांच्या नोंदी काही काळ रोमन अक्षरांत केल्या गेल्या, पुढे देवनागरीत होऊ लागल्या. एकाच ग्रंथालयात निम्मी कपाटं एका लिपीत आणि निम्मी दुसऱ्या, असं सर्रास असतं. रोमनमध्ये ठोमरे किती तऱ्हांनी लिहितात ते स्वतःच कागदावर लिहून बघा. चौधरी तर विचारूच नका. आणि देवनागरीतही सुटका नाही. आपल्या प्रांताचंच नाव घ्या: 'खानदेश', 'खान्देश', 'खांदेश'. तिन्ही छापलेली सापडतात, आणि यंत्राच्या लेखी हे तीन वेगळे प्रांत आहेत. एका शब्दावर शून्य निकाल आला म्हणजे पुस्तक नाही, असं समजू नये. शब्द बदलून बघावा. शब्दाच्या सुरुवातीची अक्षरं टाकून पुढे तारांकन दिलं की पुढचं काहीही चालतं, अशी सोय काही प्रणालींत असते. ती आपल्या ग्रंथालयात चालते का, हे एकदा विचारून घ्यावं.

निकाल मिळाला की वर्गांक टिपून घ्यायचा. ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा अंक ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. नुसतं हवं ते पुस्तक काढून निघू नका. त्याच्या डाव्या-उजव्या हाताला काय उभं आहे ते बघा. ज्या पुस्तकाचं नाव तुम्हाला माहीतच नव्हतं, म्हणून जे तुम्ही कधी शोधलंच नसतं, ते तिथे असतं. मात्र अहिराणीसारख्या विषयाला एकच फळी पुरत नाही. तिच्या ओव्या आणि लोककथा ३९८ मध्ये, बोलीचं व्याकरण ४९१.४६ च्या आसपास, अहिराणी कवितासंग्रह साहित्यात आणि समाजाचा अभ्यास तिनशेच्या घरात. एका बोलीसाठी ग्रंथालयभर फिरावं लागतं. पाय दुखले तरी हरकत नाही.

दाते सूची: कपाटातला खजिना

शंकर गणेश दाते यांचं नाव मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच सांगायला हवं, पण सांगत नाहीत. या माणसाने मराठीत छापल्या गेलेल्या पुस्तकांची सूची केली. पहिल्या भागात १८०० ते १९३७, दुसऱ्यात १९३८ ते १९५०. विषयवार, लेखकवार. एखादा लेखक त्या काळात काय काय लिहून गेला, हे बघायला याहून भरवशाची जागा नाही. पुढे त्यांच्या नावाने निघालेल्या मंडळाने जुन्या नियतकालिकांतल्या लेखांचीही सूची केली. आपल्या बालकवींच्या प्रश्नाचा रस्ता तिथून निघतो.

कारण त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या त्या मृत्यूनंतर. हयातीत त्या मासिकांतून छापल्या गेल्या. आणि मासिकं म्हटल्यावर जळगावकराने आधी घरचं बघावं: नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली जळगावातून 'काव्यरत्नावली' हे मासिक सुरू केलं, फक्त कवितेला वाहिलेलं. त्या काळातला मराठी कवी धुंडाळताना या मासिकाच्या फाइली (वर्षभराचे एकत्र बांधलेले अंक) टाळून पुढे जाणं म्हणजे आळशीपणा. मग 'मनोरंजन'सारखी मुंबईची मासिकं.

फाइल हाती आली की काय करायचं तेही सांगतो. बांधीव खंडाच्या सुरुवातीला किंवा शेवटी वर्षभराची अनुक्रमणिका असते, आधी ती. अनुक्रमणिकेत कवीचं नाव नसेल तर कवितांच्या पहिल्या ओळी बघायच्या, कारण कविता निनावी किंवा आद्याक्षरांवर छापलेली असू शकते. सापडली की मुखपृष्ठावरचा महिना, वर्ष, पुस्तक क्रमांक, अंक क्रमांक हे सगळं उतरवून घ्यायचं. जुनी मासिकं 'पुस्तक १९, अंक ४' अशी मोजली जात आणि काही शक संवतात. इसवी सनाशी जुळवताना एका वर्षाचा गोंधळ हमखास होतो. आणि ज्या वर्षाची फाइल पाहिली पण कविता मिळाली नाही, त्या वर्षाचीही नोंद करायची: 'पाहिलं, नाही.' हे न लिहिणारा माणूस तीन महिन्यांनी तीच फाइल पुन्हा उघडतो.

तुमच्या ग्रंथालयात हे अंक नसतील तर? जुन्या मराठी मासिकांसाठी पहिली चौकशी १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, मग पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांत. विद्यापीठाची ग्रंथालयं एकमेकांकडून पुस्तकं किंवा हव्या त्या पानांच्या प्रती मागवू शकतात. याला आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात. अर्ज आपल्या ग्रंथपालामार्फत जातो. वेळ लागतो, पण मुंबईच्या तिकिटापेक्षा आणि लॉजपेक्षा स्वस्त पडतं.

प्रबंध: शोधगंगेत कसं उतरायचं

आपल्या विषयावर आधी कोणी काम केलंय का, हे न बघता आराखडा देणं धोक्याचं. भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध 'शोधगंगा' या भांडारात कोणालाही फुकट वाचायला मिळतात. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं, आणि प्रबंधाची संगणकी प्रत तिथे देणं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९ च्या नियमांपासून सुरू झालं. चालू संशोधनाचे आराखडे 'शोधगंगोत्री'वर असतात.

शोधगंगेवर मराठी प्रबंध शोधताना मात्र दोन खड्डे आहेत. शीर्षक देवनागरीत असेल, रोमन अक्षरांतलं मराठी असेल किंवा थेट इंग्रजीत भाषांतरलेलं असेल. तिन्ही करून बघा, आणि तरी नाही मिळालं तर मार्गदर्शकाच्या नावाने शोधा. लोकसाहित्यावर एक प्रबंध करून घेणाऱ्या प्राध्यापकाने आणखी दोन करून घेतलेले असतात. दुसरा खड्डा फॉन्टचा. कितीतरी प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप झालेत. पडद्यावर मराठी दिसतं, पण यंत्राला आत निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. काही तर निव्वळ स्कॅन केलेले फोटो. अशा फाइलमध्ये 'ओवी' शोधलंत तर शून्य येणार, जरी प्रत्येक पानावर ओवी असली तरी. तिथे डोळ्यांनीच वाचावं लागतं.

प्रकरणवार पीडीएफ असतात. सगळी उतरवून घेत बसू नका. शेवटची फाइल, म्हणजे संदर्भसूची, आधी उघडा. तुमच्याआधी चार-पाच वर्षं त्याच रानात फिरलेल्या माणसाने काय काय गोळा केलं, ते एका बैठकीत कळतं. चांगल्या सूचीतली नावं जेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रबंधाच्या सूचीतही पुन्हा पुन्हा दिसू लागतात, तेव्हा समजावं की आपण विषयाच्या काठाला पोचलोय.

आणि हे खास खानदेशकरांसाठी. आपलं विद्यापीठ, कागदोपत्री कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि बोलण्यात अजूनही 'उमवि', १९९० साली झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं पुणे विद्यापीठाखाली होती. म्हणून १९८० साली अमळनेरच्या किंवा धुळ्याच्या प्राध्यापकाने केलेला प्रबंध जळगावात शोधू नका. तो पुण्यात जयकर ग्रंथालयात विचारा.

प्रांताने नाव बदललं, कागदाने नाही

१८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड निघाला, तो अख्ख्या खानदेशाचा. १९०६ मध्ये जिल्ह्याचे दोन तुकडे झाले: जळगावचा पूर्व खानदेश, धुळ्याचा पश्चिम खानदेश. महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराला नावं जळगाव आणि धुळे झाली, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. मग १९३० सालच्या तळोद्याची माहिती 'नंदुरबार जिल्हा' टाकून कशी मिळेल? ती पश्चिम खानदेशात आहे. जुन्या इंग्रजी कागदांत धुळं 'धुलिया' आहे आणि खानदेशाचं स्पेलिंगसुद्धा आजच्यासारखं नाही. शोधायला बसण्याआधी वहीच्या एका पानावर गावाची, जिल्ह्याची सगळी जुनी-नवी नावं लिहून घ्यावीत. पाच मिनिटांचं काम, पण वाचवतं फार.

भाषेचंही हेच. ब्रिटिश अधिकारी ग्रिअर्सनने केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणात अहिराणी शोधायला गेलात आणि मराठीचा खंड उघडलात तर हात हलवत परत याल. त्याने ती 'खानदेशी' म्हणून नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली बोलींसोबत घातली. तो भाग १९०७ चा. जनगणनेतही अहिराणीची गणती 'खानदेशी' या नावाखाली होते. हे वर्गीकरण बरोबर की चूक यावर भांडायला प्रबंध पडलाय; पण भांडण्याआधी ते सापडलं तर पाहिजे. उलट बाजूने, बहिणाबाईंची भाषा अहिराणी असं बेधडक छापणारे कमी नाहीत. ती लेवा गणबोली. कोणीतरी नोंद करताना चूक केली की पुढचे शंभर जण तीच उतरवतात.

गॅझेटियर वाचतानाही सावध. पिकं, रस्ते, बाजारपेठा, किल्ले यांसाठी तो अजून उपयोगी आहे. पण भिल्लांबद्दलचा भाग साहेबाच्या कचेरीतून लिहिलाय, हे विसरून तो 'माहिती' म्हणून उतरवू नये. तो स्वतःच एक मूळ साधन आहे, पण साहेबाच्या नजरेचं.

जे कोणत्याच ओपॅकमध्ये नाही

धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळ आहे. राजवाडे १९२६ च्या डिसेंबरअखेर धुळ्यातच गेले आणि त्यानंतर लगेच हे मंडळ उभं राहिलं. त्याच गावात समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांसाठी शंकर श्रीकृष्ण देव यांनी उभारलेलं समर्थ वाग्देवता मंदिर. अमळनेरला प्रताप शेठजींच्या पैशातून १९१६ साली निघालेलं तत्त्वज्ञान केंद्र. अशा जागा विद्यापीठाच्या यादीत दिसत नाहीत. पोथ्या आणि कागदपत्रं रुमालांत बांधलेली असतात, त्यांची यादी छापील किंवा हस्तलिखित असते.

तिथे जाताना मार्गदर्शकाचं किंवा विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जावं, आधी फोन करून जावं, आणि 'काय काय आहे दाखवा' असं न म्हणता नेमकं काय हवं ते लिहून न्यावं. पेन नव्हे, पेन्सिल. फोटो काढायची परवानगी वेगळी विचारावी. कागद मोडीत असेल तर आणि काम इतिहासाचं असेल तर मोडी शिकून घ्या; दुसऱ्याने लिप्यंतर करून दिलेल्या दोन ओळींवर प्रबंध उभा करू नये.

विकतच्या नियतकालिकांबद्दल थोडक्यात

१ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना लागू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली. तालुक्याच्या कॉलेजांसाठी ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं देणारी 'एन-लिस्ट' ही जुनी सोय आहे. घरून वापरायचं तर लॉगिन लागतं आणि ते ग्रंथालयच देतं. रसायनशास्त्रवाल्यांसाठी हे सोनं आहे. मराठीवाल्यांना मात्र यात आपल्या कामाचं फारसं काही मिळत नाही. लोकसाहित्य, भाषाशास्त्र, आदिवासी अभ्यास यांवरचे इंग्रजी लेख जरूर मिळतात, पण धुळ्याहून पुरुषोत्तम पाटलांनी काढलेल्या 'कवितारती'चा जुना अंक कोणत्याही परदेशी संग्रहात शोधू नका. तो नियतकालिक विभागात, खुर्ची ओढून, हातांनीच चाळायचा.

सापडलं, आता विश्वास किती ठेवायचा

बहिणाबाईंचा जन्म १८८०, मृत्यू १९५१, आणि गाण्यांचं पुस्तक १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आलं. त्यांना लिहिता येत नव्हतं; गाणी टिपून ठेवली ती मुलगा सोपानदेव आणि घरातल्या इतरांनी. म्हणजे इथे मूळ साधन म्हणून आपण जे धरतो तेच मुळात ऐकून उतरवलेलं आहे. शब्द, उच्चार, ओळ कुठे तोडली, यात उतरवणाऱ्याचा हात आहे. म्हणून कोणती आवृत्ती वापरली ते सांगणं हा उपचार नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ओळींत बोलीचं प्रमाण मराठी झालेलं असतं, आणि तीच ओळ 'उद्धृत' म्हणून प्रबंधात येते तेव्हा परीक्षकाच्या कपाळावर आठी पडते.

शोधपत्रिकांचं तर वेगळंच. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या दुकानांना आळा घालायला यूजीसीची मान्य शोधपत्रिकांची 'केअर' यादी होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद झाली. आता पारख आपली आपणच करायची. संपादक मंडळावरची माणसं त्या विषयातली आहेत का, ती खरंच त्या मंडळावर आहेत का, मागचे अंक मिळतात का, एकाच अंकात अहिराणी लोकगीतं आणि सिमेंटची ताकद शेजारी शेजारी तर नाहीत ना.

आणि चॅटबॉट. विचारलं तर तो बालकवींवरचे पाच संदर्भ देतो, लेखक, साल, पृष्ठांकासकट, आणि त्यातलं एखादं पुस्तक जगात कधी छापलंच गेलेलं नसतं. कोणते शब्द टाकून शोधावं हे सुचवायला तो बरा आहे. पण त्याने दिलेलं प्रत्येक शीर्षक ओपॅकमध्ये, दाते सूचीत किंवा शोधगंगेवर स्वतः बघितल्याशिवाय वहीत उतरवू नये.

वहीत काय उतरवायचं, तर लेखक, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, गाव, साल, पृष्ठ, आणि याशिवाय दोन गोष्टी ज्या कोणी लिहीत नाही: कोणत्या ग्रंथालयातली प्रत आणि तिचा वर्गांक किंवा दाखल क्रमांक. झेरॉक्स काढली असेल तर पहिल्याच पानाच्या मागे हे लिहून टाकायचं, दुकानातच, पैसे देण्याआधी. मग ग्रंथपालांकडे जाताना 'काही मिळत नाही' असं सांगायला जाऊ नका. हे शब्द टाकले, या सूच्या पाहिल्या, इथपर्यंत आलो आणि इथे अडलो, असं वही उघडून दाखवा. मग ते उठून आतल्या खोलीत जातात.